काजळचा गळपट्टा

९ नोव्हें. ९७

आज बी तेच. गळपट्टा काढायचा न्हाई म्हणजे न्हाई. दसऱ्यापासून सांगून राह्यलो, राजाभाऊ, रातच्याला तरी काढू द्या, घाम मुरतो, केस झडून राह्यले. तर म्हणतो, "बाळ्या, पाटलाचा फेटा अन् पाटलाच्या घोडीचा गळपट्टा, चारचौघात उतरवायचा नस्तो." म्हणलं, रातच्याला इथं चारचौघं कोण हायेत? आठ घोडे अन् मी. त्याच्या सोबतचे दोघं हसले. तो न्हाई हसला. बुलेटला लाथ मारली अन् गेला मस्तगडला, त्याच्या दुकानावर.

चार बोटं रुंद चामडं, पितळी फुलं ठोकलेली, मधी बिल्ला. बिल्ल्यावर त्याचं नाव. घोडी काजळ, नाव राजाभाऊ.

१२ नोव्हें.

सेठला सांगून पाह्यलं. मोहनसेठ चांगला माणूस, पण गिऱ्हाइकापुढं त्याचा कणा लोण्याचा. म्हणे, "बालाजी, घोडी त्यांची, पट्टा त्यांचा. तू गवत टाक." मंठा रोडच्या या तबेल्यात आठातले दोन घोडे सेठचे, बाकी लोकांनी ठेवलेले. नियम एकच. दाणा, मालिश, लीद आपली. साज गिऱ्हाइकाचा, त्याला हात लावायचा न्हाई.

हा नियम कोणी केला? ज्याच्या गळ्यात कधी पट्टा न्हवता त्यानं.

१९ नोव्हें.

मनीऑर्डर (म.ऑ.) केली घरी, पाचशे. मायला फोनवर सांगितलं. आमच्या गावात (कंधारकडं) एकच फोन, किराणा दुकानात, माय येईपर्यंत इकडं मीटर फिरत ऱ्हातं. माय म्हणे, "पत्र्याचं बघ बाबा. औंदा पावसाच्या आत घरावर पत्रे पडले पाह्यजेत. मागल्या साली तुझ्या बापाची खाट तीनदा सरकवली." म्हणलं, पडतेल. दर महिन्याला पाचशे म्हणजे मिरगाच्या आत पडतेलच.

बापाला इचारलं, काय करतो? माय म्हणे, "काय करतो? बसतो. रस्त्यानं रिक्षा गेली की शिव्या देतो." बापाचा तांगा होता. शेवटचं घोडं मेलं तवा मी पाचवीत. शाळा तिथंच सुटली.

२ डिसें.

गळपट्ट्याखाली तेल घालायला बोट सरकवलं. बोट जाईना. काजळनं मान वर केली पण चावली न्हाई. दुसऱ्या कोणाला चावली अस्ती.

ती आली तवाची गोष्ट आठवली. उन्हाळा होता. पहिल्या दिवशी धुतली तिला. बापानं शिकवलेलं, नवं घोडं आलं की दात मागून बघायचे, आधी गळ्याखाली हात घालायचा. मधोमध केसांचा भवरा लागला तर तो देवमण. देवमण असला की बाकी अंगावर कुठं बी वाईट भवरा असू द्या, सगळं माफ. काजळला होता. बराबर मधोमध. बोट ठेवलं की आपोआप गोल फिरायचं. मी तवाच राजाभाऊला सांगणार होतो, पण तो सोबतच्याला सांगून राह्यला होता की घोडी घेताना आपण कोणाचं ऐकलं न्हाई. मंग न्हाई सांगितलं.

आता त्या जागी सगळं टक्कल.

१६ डिसें.

इथं ऱ्हायचं न्हाई. पुण्याला रेसच्या घोड्यांचे तबेले हायेत, तिथं घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला पगार बी चांगला अन् गिऱ्हाईक तबेल्यात पाय ठेवत न्हाई म्हणतेत. संक्रांत झाली की निघायचं. पिशवी भरून ठेवली.

१४ जाने. ९८

संक्रांत. राजाभाऊ त्याच्या मायला घेऊन आला, जीपमधून. म्हातारी साठीच्या पुढची, नऊवारी, कपाळभर कुंकू. घोडीला तिळगूळ द्यायचा हट्ट. लेक म्हणून राह्यला, "माय, लांबून दे, लांबून दे." म्हातारी थेट गेली. काजळचं तोंड दोन्ही हातात धरलं, डाव्या डोळ्याखालून हात फिरवला, कानात काहीतरी बोलली. काजळनं तिचा पदर हुंगला अन् तिथला बी तिळगूळ काढून खाल्ला. म्हातारी अशी हसली की कवळी सांभाळायची पाळी.

मंग तिनं गळ्याकडं पाह्यलं. मला म्हणे, "लेकरा, हिला काचून राह्यलंय हे."

म्हणलं, मी बी तेच म्हणतो, आजी.

राजाभाऊ: "माय, तुला न्हाई कळत. चल, ऊन लागंल."

जाताना म्हातारीनं मला बी तिळगूळ दिला. गोड बोल न्हाई म्हणली. म्हणे, "जरा जोरात बोलत जा याच्यासंगं."

२७ जाने.

राजाभाऊचा ट्रॅक्टर परतूर रोडला पलटी झाला. माणूस कोणी मेला न्हाई. ड्रायव्हर पिलेला होता, हे सगळ्या जालन्याला माहीत. राजाभाऊ सोसायटीच्या निवडणुकीत बी पडला परवा. तबेल्यात येऊन बसला, कोणाशी बोलला न्हाई. काजळला गूळ चारत ऱ्हायला. तिच्या आयाळीत बोटं घालून उभा. त्या वक्ताला मला तो बरा माणूस वाटला. खोटं कामून लिहू.

५ फेब्रु.

वाईट बातमी. म्हातारीला लकवा. तोंडाची डावी बाजू गेली. बोलता येईना. औरंगाबादला दवाखान्यात नेली. सेठ भेटून आला. म्हणे, डावा डोळा मिटत न्हाई, सारखं पाणी वाहून राह्यलंय, लेक रुमाल घेऊन शेजारी बसून.

पुण्याचं पुढं ढकललं. अशा टायमाला जाणं बरं दिसत न्हाई.

११ फेब्रु.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

युसूफचाचा आल्ते नाल मारायला. राजाभाऊ औरंगाबादहून सरळ इथं आल्ता, दाढी वाढलेली. चाचा काजळचा पाय मांडीवर घेऊन बसलेले. राजाभाऊनं इचारलं, "चाचा, ह्या घोडीत काही खोट हाय का? खरं सांगा."

चाचा म्हणे, "घोड़ी तो हीरा है."

"तरी बघा."

चाचा उठले, चष्मा पुसला, तोंडापाशी गेले. चाचा खोटं बोलत न्हाईत, हीच त्यांची खोट. म्हणे, "बायें आँख के नीचे भौंरी है एक. आँसूढाल बोलते लोगां. बोलते, मालिक के घर में आँसू आते."

राजाभाऊचं तोंड पांढरं झालं. "कोणता डोळा?"

"बायाँ. मगर ठैरो मियाँ, पूरा तो सुनो. गले पे देवमन रहा तो सब ऐब माफ. पट्टा ढीला करो."

बक्कल पुरतं निघंना, गंजलेलं. दोन भोकं सैल केलं. चाचांनी खाली बोट घातलं. कातडी टाचंसारखी झालेली, राखेच्या रंगाची. एक केस न्हाई. चाचा लई वेळ चाचपत ऱ्हायले.

"यहाँ तो कुछ बचाच नहीं. था तो भी कैसा बोलूँ?"

मी म्हणलं, होता. मी पाह्यला. आली त्या दिवशी धुताना, बराबर मधोमध.

राजाभाऊ: "तू पाह्यला. दुसऱ्या कोणी?"

सेठकडं पाह्यलं. सेठ म्हणे, "मैं घोड़े के गले में हाथ नहीं डालता भाई."

"मंग इतके दिवस बोलला कामून न्हाईस?"

म्हणलं, तुम्ही कवा ऐकलं? अन् गळपट्टा काढा म्हणून तर दसऱ्यापासून बोंबलून राह्यलो. तुमच्याच पट्ट्यानं घासलं ते.

मला वाटलं आता कानाखाली बसंल. त्यानं फक्त काजळच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याच जागी त्याच्या मायनं हात फिरवला होता, संक्रांतीला. त्याला तेच दिसून राह्यलं असंल. मला बी दिसलं.

चाचा नाल ठोकायला परत बसले तर एक खिळा वाकडा गेला. चाचांचा खिळा वाकडा गेलेला मी आजच पाह्यला.

१४ फेब्रु.

हुकूम आला. काजळला भिंतीकडं तोंड करून बांधायचं. राजाभाऊ आला तर त्याला तिचं तोंड दिसलं न्हाई पाह्यजे. गळपट्टा मात्र परत आवळला. म्हणे, "पट्टा राहू दे, घोडी अजून माझीच हाय."

तो गेला की मी तिला फिरवून बांधतो.

ट्रॅक्टर दारूनं पलटी झाला. निवडणुकीत तो पडला त्याच्या तोंडामुळं. म्हातारीचं वय झालं. भवऱ्यानं होत अस्तं हे सगळं, तर आमच्या बापाच्या घोड्याला अंगभर देवमणच होते, मंग तांगा कामून बुडाला?

२ मार्च

राजाभाऊ म्हणे, डाग द्यायचा. तापल्या सळईनं भवरा जाळायचा, नखाएवढी जागा. कोणीतरी सांगितलं म्हणे, भवरा मेला की त्याचा गुण मेला. कोणी सांगितलं, ते सांगेना.

मी म्हणलं, डोळ्याखाली हाय, बोटभर बी अंतर न्हाई. मी हात लावणार न्हाई.

"तुला लावायला कोण म्हणतंय? तू तोंड धर. तुझ्या हाताला ती हलत न्हाई."

म्हणलं, न्हाई धरणार.

मंग त्यानं आवाज खाली आणला. म्हणे, "बालाजी." पहिल्यांदा बाळ्या न्हाई म्हणला. "माझी माय पाण्याचा घोट घेती तर अर्धा तोंडातून सांडतो. मी काय करू? तुझी माय अस्ती तर तू काय केलं अस्तं?"

मी घमेलं उचललं अन् लीद भरायला गेलो.

सेठला गाठलं. म्हणलं, तुम्ही न्हाई म्हणा. तबेला तुमचा हाय. सेठ जमिनीकडं बघून म्हणे, "माँ का मामला है. मैं बीच में नहीं बोलता."

६ मार्च

केलं. बाहेरगावचा माणूस आणला सळईवाला, सोबतचे दोघं होतेच. ओठाला दोरीचा पीळ दिला, एकानं कान धरला. मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभा ऱ्हायलो. काही पाह्यलं न्हाई. ऐकलं. आधी पितळी फुलं वाजली, सगळी एकदम. मंग काजळचा आवाज. घोडं असं वरडतं हे मला माहीत न्हवतं, अन् मी घोड्यातच वाढलो.

मान हासडली तिनं. सळई सरकली. डोळ्याच्या कोपऱ्यात.

बाहेर आलो तवा सळईवाला गेलेला. राजाभाऊ बादलीजवळ बसून वकाऱ्या काढून राह्यला होता. त्याला कोणी पाणी दिलं न्हाई. मी बी न्हाई.

सेठ मला म्हणे, "तू पकड़ता तो हिलती नहीं वो."

आता हे माझ्यावर.

८ मार्च

सरकारी डॉक्टर आल्ते. म्हणे, बुबुळावर फूल पडंल. मलम लिहून दिलं. दिवसातून चारदा. जनावर हात लावू देईल का, म्हणून इचारलं. म्हणलं, मला देईल. दिलं.

डावा डोळा मिटत न्हाई. सारखं पाणी वाहून राह्यलंय.

१९ मार्च

माय फोनवर: "आवाज कामून असा? जेवला का?" म्हणलं, जेवलो. पाचशे पाठवले. पत्रेवाल्याला इसार दिला म्हणे मायनं, उरलेले दोन महिन्यात द्यायचे. खुशीत होती. बापाला फोन दिला. बापानं इचारलं, "घोडे कसे हायेत?" एवढंच इचारतो तो. म्हणलं, बरे हायेत.

३ एप्रिल

राजाभाऊ पेढे घेऊन आला. मायला उतार पडला. तोंड थोडं सरळ झालं, डोळा मिटायला लागला, "राजा" म्हणून हाक मारली म्हणे. रडून राह्यला होता सांगताना. सेठला पेढा, चाचांना पेढा, गडी-माणसाला पेढा. "भवरा जळाला अन् माय उठली." चाचा पेढा हातात धरून म्हणे, "दवाखाने का भी कुछ होयेंगा ना मियाँ." राजाभाऊला ऐकू आलं न्हाई. त्याला जे पाह्यजे तेवढंच ऐकू येतं, पहिल्यापासून.

म्हातारी उठली याचा आनंद मला बी झाला. का होऊ नये? तिनं काय केलं कोणाचं?

माझा पेढा काजळला दिला. तिनं उजव्या बाजूनं मान वळवून, बघून, खाल्ला. डाव्या बाजूनं काही आलं की दचकती आता.

तो तिच्याकडं गेला न्हाई. भिंतीकडं तोंड करून बांधायची गरजच उरली न्हाई.

२२ एप्रिल

राजाभाऊचा निरोप: काणी घोडी दारात नको. विकायला काढली तर कोणी घेईना. डाग बघितला की गिऱ्हाईक समजून जातं, इथं काहीतरी जाळलंय. लपवायला गेला अन् ढोल वाजवून सांगितलं.

सोबतच्यातला एक म्हणे, "कुंडलिकेच्या पात्रात सोडून द्या, जाईल कुठं बी." राजाभाऊ न्हाई म्हणला न्हाई.

उन्हाची तऱ्हा अशी की दुपारी पत्र्याला हात लागत न्हाई. नदीत पाणी न्हाई, गवत न्हाई, कुत्रे हायेत.

पिशवी अजून भरलेलीच हाय. पुण्याची गाडी रोज हाय. मी इथं बांधून घ्यायला आलो न्हवतो.

४ मे

मी म्हणलं, मला द्या.

सेठ हसला. राजाभाऊ न्हाई हसला. म्हणे, "घोडी फुकट देत नस्तेत. घेत बी नस्तेत." म्हणलं, बोला किती. त्यानं लई वेळ काजळच्या पाठीकडं पाह्यलं. म्हणे, "सव्वा रुपया."

दिला. त्यानं तो कपाळाला लावला, खिशात टाकला. मंग म्हणे, "दावं आम्ही देत नस्तो. दाव्यासंगं लक्ष्मी जाती. दावं, तोंडावरची मोहरकी, गळपट्टा, आमचा आम्हाला."

हा रिवाज सगळीकडंच हाय. आमचा बाप बी घोडं विकलं की दावं घरी आणून खुंटीला टांगायचा. पण दसऱ्यापासून मी ज्याच्यासाठी तोंड वाजवलं, संक्रांतीला म्हातारीनं सांगितलं, चाचांनी सांगितलं, ते त्यानं आज एका शब्दात सांगितलं.

"काढ."

बक्कल निघंना. चाचांच्या पकडीनं तोडलं. गळपट्टा खाली पडला तसा पितळी फुलांचा आवाज झाला, काजळ दचकली, मंग मान खाली घातली. पार खाली, जमिनीला नाक लागंपर्यंत. अन् तशीच ठेवली.

राजाभाऊनं सगळं गोळा करून बुलेटच्या हँडलला अडकवलं. जाताना म्हणे, "मायला सांगू नको. ती इचारून राह्यलीय, घोडी कशी हाय."

काजळ मोकळीच उभी. दावं न्हाई, काही न्हाई. दार उघडं. गेली न्हाई. माझा टावेल तिच्या मानेत घातला अन् धरून उभा ऱ्हायलो. लोकांनी पाह्यलं असंल तर पाह्यलं.

५ मे

सेठनं सकाळीच बोलावलं. "बालाजी, आता तू गिऱ्हाईक. जागेचे, चाऱ्याचे पैसे लागतील. तू माझा माणूस, म्हणून मालिशचे न्हाई लावत." म्हणलं, मालिश तर मीच करणार. "म्हणूनच न्हाई लावत." पगारातून कापणार. हसून सांगितलं, बिडी बी दिली. त्याचं बी बराबर हाय. त्याच्या तबेल्यात आजवर गिऱ्हाइकाला माफी न्हाई.

म्हणजे आता साज माझा. साजाला हात लावायची कोणाची हिम्मत न्हाई. साज म्हणजे एक टावेल.

१५ मे

चाचांनी मोहरकी आणून दिली, जुनी, सुताची. पैसे घेईनात. म्हणे, "उस दिन आधी बात पहले बोल दिया मैं. पहले गला देखना था, बाद में आँख." म्हणलं, चाचा, पहिले पट्टा काढायला पाह्यजे होता. "वो तो तू बोलताच था."

डोळ्यातलं फूल पसरलं न्हाई, एवढं बरं. डॉक्टर म्हणे, सावली दिसत असंल तिला. दिसत असंल का, तिलाच माहीत.

२४ मे

राजाभाऊची माय आली. एकटी, रिक्षानं. कोणी सांगितलं तिला, देव जाणे. काठी टेकत, तोंड अजून जरा वाकडं. काजळपुढं उभी ऱ्हायली. दोघींचे डोळे. मी दुसरीकडं पाह्यलं.

म्हातारीला शब्द जुळवायला वेळ लागतो. म्हणे, "माझ्यापायी?"

म्हणलं, न्हाई आजी. तुमच्यापायी न्हाई.

तिनं तोंडावरून हात फिरवला न्हाई या वक्ताला. गळ्याखालून फिरवला. बोटं थांबली. "केस येऊन राह्यले."

मी बी हात घातला. आलेत. बारीक, मखमलीसारखे, काळे. मधोमध जास्त. गोल फिरून येऊन राह्यलेत का सरळ, ते अजून बोटाला कळत न्हाई. आणखी महिना जाईल.

गोल आले तर काय करायचं? राजाभाऊला जाऊन दाखवायचं? अन् सरळ आले तर मी पाह्यलं ते काय होतं?

२९ मे

घरी फोन केला. माय: "पत्रेवाला दोनदा येऊन गेला बाबा. आभाळ भरून येऊन राह्यलंय इकडं." म्हणलं, माय, या महिन्याला जरा कमी येतेल. "कामून रे? आजारी हाय का? पगार न्हाई दिला का?" म्हणलं, घोडी घेतली.

मीटर फिरून राह्यलं. मंग मायनं फोन बापाला दिला. बाप म्हणे, "देवमण हाय का?"

म्हणलं, बघून राह्यलो.

बाप म्हणे, "बघ." अन् फोन ठेवला. मायला बोलूच दिलं न्हाई.

पोस्टात गेलो. फारमवर निरोपाची जागा अस्ती, तिथं दर महिन्याला "पत्र्याला" लिहितो. आज काही लिहिलं न्हाई. म.ऑ. रुपये पंच्याऐंशी.